एका कार्डावर एकच चेहरा

रविवार, ७ डिसेंबर १९७५

प्रिय चंद्रा,

पत्राचं कारण आधी लिहावं असं मी शाळेत पोरांना शिकवते. तुला मात्र ते शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर तू पत्राची घडी घालून फळीवर ठेवशील आणि पुढचं वाचणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तेव्हा निवांत बस. तुमच्या माळावर आता छान ऊन आलं असेल, त्याला पाठ देऊन बस. मी इथे परड्यात शेवग्याखाली पाट टाकून बसले आहे. आज शाळा नाही. आत्याबाई मळ्यात गेल्या आहेत, हे गुऱ्हाळावर आहेत, आणि घरात कुणी नाही म्हणून तर लिहायला सुचतंय. गुऱ्हाळाचा गोड वास इथवर येतो आणि माझे डोळे मिटायला लागतात. मध्येच एखादी ओळ खाली उतरत गेलेली दिसली तर समज, आक्का पेंगली.

पेंगण्याचंच आधी सांगते. तू होतीस तेव्हा मला गाडीत झोपायची मुभा होती. फाट्यावर चढलं, खिडकीची जागा मिळाली, की माझे डोळे मिटायचे आणि कराड आलं की तू माझ्या बरगडीत कोपर मारायचीस. आता कोपर मारायला कोणी नाही. मागच्या महिन्यात सांगलीला जाणारी गाडी होती, कराडचं स्टँड आलं आणि गेलं, माझे डोळे उघडले ते थेट पेठ नाक्यावर. तिथे उतरून परतीची गाडी धरून शाळेत पोचले तर मधली सुट्टी व्हायला आलेली. हेडमास्तरांनी विचारलं, बाई कुठून येताय, तर मी खरं तेच सांगितलं, की झोपेतून येतेय. ते हसले नाहीत. तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस.

आता थंडीमुळे कोयनेवर धुकं धरतं. सकाळची गाडी त्यातून जाते तेव्हा बाहेर काही म्हणता काही दिसत नाही. मधूनच उसाचा एखादा फड, वैरणीचा भारा घेऊन निघालेली एखादी बाई, आणि पुन्हा सगळं पांढरं. अशा वेळी मला आपल्या फोटोच्या मागचा पडदा दिसायला लागतो. स्टुडिओतला तो पडदा आठवतो ना? निळं तळं, तळ्यात दोन हंस, काठाला पायऱ्या आणि पायऱ्यांवर फुलांच्या कुंड्या. फोटो निघाला काळा-पांढरा, त्यामुळे तळं निळं आहे हे आपल्या दोघींनाच ठाऊक. अर्ध्या झोपेत मी त्या पायऱ्या उतरते, पाण्यात पाय सोडून बसते, आणि तू शेजारी बसून कुणाच्या तरी पोलक्याची बाही उसवत असतेस. पाणी गार लागत नाही. आपण काही बोलतही नाही. मग आप्पासो कंडक्टर येऊन 'कार्ड' म्हणतो आणि तळं जातं.

ह्या कार्डानं आपल्याला किती छळलं गं. पूर्वी पास म्हणजे नुसता एक कागद. खिडकीतल्या माणसानं नाव लिहायचं, शिक्का मारायचा, आणि आपण तो महिनाभर पदराच्या गाठीला बांधून फिरायचं. पावसात त्याचा लगदा व्हायचा, तरी चालायचं, कारण कंडक्टर आपल्याला तोंडानं ओळखायचे. आप्पासो तर शेजारच्याच गावचा, बेंदराला आपल्या घरी पुरणपोळी खाऊन गेलेला. आणि त्याच आप्पासोनं आषाढात एक दिवस खाली मान घालून सांगितलं, की आता नवी कार्डं निघालीत, त्यावर फोटो लागणार, आणि श्रावणात मुदत संपली की जुना कागद बंद. मला तर वाटलं थट्टा करतोय.

मग कराडच्या स्टँडवर जी झुंबड उडाली ती तू पाहिलीच आहेस. एका खिडकीवर अर्ज, दुसरीवर सही आणि तिसरी बंद. अर्ज घेऊन गेलं की फोटो कुठे, फोटो नेला की सरपंचाची सही कुठे, सही आणली की साहेब जेवायला गेलेत. फेटा उतरवून फोटो काढा असं सांगितल्यावर पाटणकडचे ते म्हातारबा म्हणाले होते, की बोडक्या डोक्यानं मला माझी बायकोसुद्धा ओळखत नाही, तुमचा कंडक्टर काय ओळखणार. आणि वडील वारले म्हणून डोकं केलेला तो कॉलेजातला पोरगा, फोटोत भरगच्च केसांचा आणि खिडकीत चकोट. त्याला केस वाढवून या म्हणाले. तू तेव्हा इतकी हसलीस की रांगेतल्या बायका आपल्याकडे वळून बघायला लागल्या. मला त्या रांगांचा तेव्हा वैताग यायचा. आता वाटतं, अजून एखादी खिडकी असती तरी चाललं असतं.

आपल्या घरची अडचण आणखी निराळी होती. एकट्या माणसाचे फोटो आपल्या घरात दोनच, एक मामंजींचा आणि एक थोरल्या चुलतसासूबाईंचा, आणि दोन्हींना चंदनाचे हार. एकट्याचा फोटो म्हणजे गेलेल्या माणसाचा, हे आत्याबाईंच्या मनात पक्कं. लग्नातले फोटो जोडीचे, जत्रेतला घोळक्याचा. माझ्या जित्या-जागत्या सुनांचे एकेकटीचे फोटो काढायचे नाहीत म्हणजे नाहीत, काढायचा तर जोडीनं काढा, नाहीतर कराडला पायी जा, असं त्यांनी चुलीपुढे बसून सांगितलं. मी बाई शाळेत पोरांना विज्ञान शिकवते, पण घरात माझं काय चालतं ते तू बघतेसच. आणि खरं सांगू, मला ते आवडलंही. तुझ्याबरोबर फोटो काढायचा म्हणून मी जांभळं लुगडं नेसले. फोटोवाला जवळ बसा, आणखी जवळ बसा करत होता, तशी तू माझ्या पाठीमागून हात घालून तो माझ्या पलीकडच्या खांद्यावर ठेवलास आणि म्हणालीस, आता ह्याहून जवळ म्हणजे मांडीवर.

मग नागपंचमी. तुला सगळं माहीत आहे, तरी मला लिहू दे, कारण मी ते अजून कुणापाशी धड बोललेले नाही. तुझे भाऊ दादासो तुला माहेरी न्यायला येतो म्हणत होते आणि तू त्यांना नको म्हणून कळवलं होतंस, कारण मुदतीचा शेवटचा दिवस नेमका पंचमीचा निघाला. घरी सकाळीच विळी पालथी घातलेली. चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, शेतात कुदळ लावायची नाही. पुरणाची दिंडं उकडत ठेवून आपण निघालो होतो. गावात बायका झाडाला झोके बांधत होत्या आणि आपण दोघी मुठीत अर्ज धरून फाट्याकडे पळत होतो.

खिडकीतल्या चष्मेवाल्यानं माझा अर्ज घेतला, फोटो चिकटवला, सवयीनं त्यावर शिक्का मारला आणि मग बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं. म्हणाला, 'एका कार्डावर एकच चेहरा, बाई.' शिक्का बसलेला फोटो वाया गेला होता. जोडीचा दुसरा एकच फोटो आपल्याजवळ होता, आणि स्टुडिओ पंचमीचा म्हणून बंद. आज फोटो दिले नाहीत तर उद्यापासून रोजचं तिकीट काढा, नाहीतर घरी बसा. माझी शाळा, तुझा शिवणक्लास, परीक्षा तोंडावर. तुझा क्लास त्या दिवशी बंद होता, पण पिशवी रोजचीच, आणि पिशवीत क्लासची कात्री. मी म्हटलं, नको चंद्रा, आज नको, आजचा दिवस सोडून काय वाटेल ते कर. तू म्हणालीस, 'कागदाला कुठला नाग डसतोय, आक्का?' आणि जिभेचं टोक दातात धरून, कापडावर खडूची रेघ मारलेली असावी तसं एका दमात सरळ कापलंस. तुझा हात माझ्या खांद्यावरच राहिला, कारण तो कापायचा तर माझा खांदा कापावा लागला असता.

तू हसत होतीस म्हणून मीही हसले. गाडीत येताना आपण ठरवलं की घरी बोलायचं नाही, आणि घरी आल्या आल्या दिंडं खाताना तूच बोलून गेलीस, कारण तुझ्या पोटात काही म्हणून राहत नाही. आत्याबाई तेव्हा रागावल्या नाहीत. त्या उठल्या, भिंतीवरच्या नागोबापुढे पुन्हा दुधाची वाटी ठेवली आणि किती तरी वेळ तिथेच बसून राहिल्या. ते मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं.

मला तेव्हा दिवस गेले होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर. तुला ते माझ्या आधी कळलं होतं. आक्का नुसती पेंगत नाही, आता घोरायला लागली, असं म्हणून तूच माझ्याकडे रोखून बघितलंस. त्या दिवसांत गाडी जरा जोरात उसळली की तू माझ्या कमरेशी हात धरायचीस. उरलेल्या तुकड्यांची टोपरी बेतायला घेतली होतीस, एक लाल आणि एक पोपटी. श्रावण संपत आला आणि ते सगळं गेलं. मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही. कराडच्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की असं होतं, कशानं होतं ते आम्हालाही प्रत्येक वेळी कळत नाही, गाडीनं नाही, कामानं नाही, कुणामुळे नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. अजूनही ठेवते.

पण घरी विश्वास कुणावर ठेवायचा ते आधीच ठरलं होतं. ह्याच परड्यात आत्याबाई शेजारच्या रंगुबाईंना म्हणाल्या, 'पंचमीच्या दिशी जोडीवर कातर चालिवली, मग पोर कसं ऱ्हाईल?' तू रहाटावर पाणी ओढत होतीस. मी आत खाटेवर होते. रहाट थांबला, त्यावरून मला कळलं की तू ऐकलंस. मग तो पुन्हा फिरायला लागला, आणि तू रोजच्यापेक्षा जास्त पाणी भरलंस, रांजण भरून वाहिला तरी भरत राहिलीस.

गौरीला दादासो आले आणि तू गेलीस. गौरी गेल्या, दसरा झाला, दिवाळी झाली. दादासोंचा निरोप आला, की ताईला बरं नाही, सावकाश येईल. तुला काही झालेलं नाही, चंद्रा. तुला वाटलं, तू ह्या घरातून दूर राहिलीस तर माझं बरं होईल. तू मला हे कधी बोलली नाहीस, पण जाताना माझ्या पाया पडलीस ती उठेचनास, त्यावरून मी ओळखलं. म्हणून मी आता स्पष्ट लिहिते, की मला तुझा राग आला आहे. माझं बाळ गेलं तेव्हा सगळं घर माझ्याबरोबर रडलं. तू गेलीस तेव्हा मी एकटीनं रडायचं, तेही गाडीत, खिडकीकडे तोंड करून. माझी एक गोष्ट गेली ती देवानं नेली म्हणू, पण दुसरी तू स्वतः उचलून घेऊन गेलीस. एवढं मला बोलायचं होतं. आता राग लिहून झाला, तर थोडा कमीही झाला.

मानसिंगभावजींचं पलटणीतून पत्र आलं आहे. जानेवारीत त्यांना सुट्टी मिळते आहे. घरात सगळे कसे आहेत विचारताना त्यांनी तुझंही नाव सगळ्यांत घातलंय, म्हणजे तू त्यांना काही कळवलेलं नाहीस. ते येतील आणि तू इथे नसशील, मग मोठी माणसं बसतील, तुमचेही चार येतील, आमचेही चार, पानसुपारी होईल, आणि बायकांना जे दोन शब्दांत मिटवता आलं असतं ते पुरुष एका बैठकीत कायमचं मोडून टाकतील. मला रात्रंदिवस हीच भीती आहे.

आता कार्डाचं पुढचं ऐक. तोवर अर्जाच्या पावतीवर चाललं, दिवाळीनंतर कार्डं तयार होऊन आली. माझं मला मिळालं. अर्ध्या पडद्यात मी, माझ्यामागे पायऱ्या आणि एक हंस, आणि माझ्या खांद्यावर एक हात, बांगड्यांसकट. पहिल्या दिवशी आप्पासोनं ते घेऊन उजेडात धरलं, म्हणाला, 'बाई, ह्यो तिसरा हात कुणाचा? ह्येचं तिकीट कोण काढनार?' सगळी गाडी हसली. मीही हसले आणि मग मला हसू आवरेना आणि त्याचं रडू झालं. तेव्हापासून आप्पासो माझं कार्ड बघत नाही. खांद्याशी येतो, 'कार्ड' म्हणतो, कारण म्हणायचा नियम आहे, आणि मी काढायच्या आत पुढे जातो.

तुझं कार्ड मात्र खिडकीत पडून राहिलं. ज्याचं त्यानं येऊन सही करून न्यायचं, दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. मी चार वेळा विचारून आले. मागच्या आठवड्यात तिथे पाटी लागली, की न नेलेली कार्डं महिनाअखेर रद्द होणार. मी ते घरी जेवताना ह्यांना सांगत होते. आत्याबाई ताटाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, रद्द म्हणजे काय करतात. मी म्हटलं, फाडून टाकत असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नवं लुगडं नेसून माझ्या आधी उंबऱ्यापाशी उभ्या. मी कुठे निघालात विचारलं, तर म्हणाल्या, तुझ्या खिडकीवर.

गाडीत त्या माझ्या शेजारी तुझ्या जागेवर बसल्या. मी त्या दिवशी पेंगले नाही. धुकं होतं आणि त्या खिडकीतून बघत होत्या. मला वाटत होतं, ह्या बाईला त्या पांढऱ्यात काय दिसत असेल. तुला खोटं वाटेल, पण अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, चंद्री रोज काय बोलायची गं ह्या गाडीत. मी सांगितलं, शिवणाचं, मानसिंगभावजींच्या पत्राचं, तुमच्या हातच्या आमटीचं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या.

खिडकीवर मी काही बोलायच्या आत त्यांनीच चष्मेवाल्याला सांगितलं, की माझ्या सुनेचं कार्ड दाखवा. तो नियम सांगायला लागला. त्या म्हणाल्या, मला नको, नुसतं दाखवा. त्यांच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, त्यानं गठ्ठ्यातून शोधून काढलं आणि फळीवर ठेवलं. तू. हसणार होतीस पण हसली नाहीस अशी, मागे तळ्याचा दुसरा भाग, आणि डावा हात कोपरापासून पुढे नाही. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण त्या कार्डाकडे त्या एखादा मजकूर वाचावा तशा बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हिचा हात कुठे आहे. चष्मेवाल्याला समजलं नाही. त्यांनी माझ्यापुढे हात केला, माझं कार्ड घेतलं आणि तुझ्या कार्डाला लावून ठेवलं. कडा नीट जुळेनात, मध्ये पुठ्ठ्याची पांढरी पट्टी राहिली, पण हात कुणाचा आणि कुठून आला ते दिसायला लागलं. मागची रांग ओरडत होती. आत्याबाईंनी ढुंकूनही बघितलं नाही. एका बोटानं त्या तुझ्या खांद्यापासून माझ्या खांद्यापर्यंत जात राहिल्या. मग म्हणाल्या, 'एकेकटीचा काढू दिला असता, तर कातर लागलीच नसती. जोडीचा हट्ट माजा. मग कातर माजीच की गं, लीले.'

मी म्हटलं, आत्याबाई, कातर कुणाचीच नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. त्या म्हणाल्या, ते तुला पटतं, मला नाही पटत, पण मला जे पटतं त्यात तरी मी खरं बोलायला नको का. चंद्रा, मी एवढी वर्षं त्या बाईंच्या हाताखाली काढली, पण त्यांना इतकं समोरून कधी बघितलं नव्हतं. चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला, तुझं कार्ड परत गठ्ठ्यात न ठेवता टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाला, महिनाअखेरच्या आत त्यांनाच घेऊन या.

येताना त्यांनी गाडीतच ठरवून टाकलं. आता तुला पत्राचं कारण सांगते. येत्या रविवारी सकाळी आत्याबाई तुला न्यायला येत आहेत. सासूनं सुनेच्या माहेरच्या दारात जायचं नसतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं, आणि त्याच निघाल्या आहेत. ह्यांना बरोबर घेतलं नाही, मलाही नाही. पुरुष नेला तर पुरुष पुरुषांशी बोलत बसतील, मला पोरीशी बोलायचंय, असं म्हणतात. तुला कळवू नकोस असंही बजावलंय, कारण आपण येतोय कळलं तर चंद्री शेतात जाऊन बसेल अशी त्यांना धास्ती आहे. तरी मी कळवते आहे, कारण कराडच्या पूर्वेला त्या कधी गेलेल्या नाहीत. विट्याला गाडी बदलायची आहे, पाटी वाचता येत नाही, आणि कुणाला विचारायचा त्यांचा स्वभाव नाही. उतरतील तिथेच पिशवी धरून उभ्या राहतील. तेव्हा सकाळच्या गाडीला तू विट्याच्या स्टँडवर ये. माझ्यासाठी ये. 'माफ कर' असं त्यांना म्हणता येत नाही, जन्मात कधी म्हटलेलं नाही. त्या तुला म्हणतील वाळलीस किती, केसांना तेल नाही, तुमच्याकडचं पाणीच खारट. त्यात काय आहे ते तू समजून घे. आणि समजून घेऊनही तुझं मन झालं नाही तर येऊ नकोस. मी त्यावरून तुला अंतर देणार नाही, एवढं लिहून ठेवते. पण मग त्यांना दिवस असेतो कराडच्या गाडीत बसवून दे, खिडकीची जागा बघून दे. मी दुपारपासून कराडच्या स्टँडवर असेन, विट्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी. आत्याबाई उतरतील तेव्हा मी त्यांना हात देईन, त्यांची पिशवी घेईन, आणि त्यांच्या मागे बघेन.

तुझीच,
लीलाआक्का